गाडीला शेपूट लावून मायलेज वाढेल का?

प्रश्न : रोज माळशिरस-पंढरपूर फेरी असते. व्हॅनच्या मागे प्लायवूड-पत्र्याची निमुळती शेपटी घरीच बसवली तर डिझेल वाचेल का?
– एक वाचक, माळशिरस

उत्तर : तुमचा तर्क बरोबर आहे. सपाट पाठीमागे हवेचे भोवरे होऊन गाडी मागे ओढली जाते. निमुळत्या शेपटीने ती ओढ घटते. मात्र फायदा जाणवतो तो सलग, जास्त वेगात. गावातल्या थांबत-थांबत चालण्यात नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही. दिवे-नंबरप्लेट झाकल्या जातील, पत्रा सुटला तर मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतेल आणि विम्याचा दावाही अडू शकतो.

त्यापेक्षा टायरमधली हवा नियमित तपासा, टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवा. वेग 80 वरून 60 वर आणलात तरी हवेचा अडथळा सुमारे 44 टक्क्यांनी घटतो, तोही फुकटात!