हिंगोलीत जेवायचं कुठं?

अगं, नेमणुकीचा आदेश आला तशी तू शाळेचं विचारशील, खोलीच्या भाड्याचं विचारशील असं मला वाटलं होतं. तू विचारलंस, "ताई, तिकडं जेवायचं कुठं?" बरं झालं विचारलंस. मी लग्न होऊन सांगलीहून वसमतला आले तेव्हा हे धड सांगणारं कुणी नव्हतं. जे कळलं ते दर सणाला थोडं थोडं कळत गेलं.

आधी पोटाची सोय. हिंगोलीत बसस्टँडच्या आसपास खानावळी आहेत, घरगुती डबे देणाऱ्या बायाही आहेत. आठवडाभर एकीचा डबा खाऊन बघ, पटला तर महिन्याचा लाव. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी देणारी मिळाली तर तिलाच धर. हॉटेलांच्या पाट्या मात्र मनावर घेऊ नकोस. पनीर, दाल तडका, व्हेज कोल्हापुरी तुला नागपूर रस्त्यावर मिळेल आणि पुणे रस्त्यावरही मिळेल. आपल्या कोल्हापूरला त्या 'कोल्हापुरी'शी काही देणंघेणं नाही हे तुला वेगळं सांगायला नको. या जिल्ह्याचं खरं जेवण हॉटेलात शिजतच नाही. ते घरात शिजतं, तांड्यावर शिजतं, देवळाच्या आवारात शिजतं, आणि त्याला वार-तिथी असते. म्हणून इथं जागा शोधू नकोस. कुणाचा कुठला सण कधी आहे ते शोध, आणि बोलावणं आलं की जा.

हा जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत एवढे पाचच तालुके. पण माणसं बघ किती तऱ्हेची. वरच्या अंगाला वाशीम-यवतमाळ, म्हणजे विदर्भ सुरू. खालच्या अंगाला नांदेड-परभणी. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, हिंगोलीत एके काळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी. मराठा, हटकर, बौद्ध, लिंगायत, मुसलमान, बंजारा, आंध, जैन, मारवाडी, सगळे एकाच बाजारातून ज्वारी आणि तूरडाळ नेतात, आणि प्रत्येकाच्या चुलीवर तिचं वेगळंच काहीतरी होतं.

एक जागा तरी सांग म्हणशील, तर वारंगा फाटा. नांदेडकडून येताना कळमनुरी तालुक्यात लागतो. तिथली खिचडी प्रसिद्ध आहे. एसटी थांबली की उतर, गरम पिवळी खिचडी घे, कांदा-मिरची मागून घे, आणि ड्रायव्हरवर डोळा ठेवून खा. एवढं एक ठिकाण झालं. आता बाकीचं सांगते.

मारुतीच्या किंवा म्हसोबाच्या नवसाचे रोडगे कुणी केले तर ती पंगत चुकवू नकोस. गावात निरोप फिरतो, निमंत्रणपत्रिका वगैरे नसते. सकाळीच मळ्यात गोवऱ्यांचा हार रचून पेटवतात. बाप्ये लोक जाडसर कणीक घट्ट मळतात. लाटीवर तेल लावून लाटी, पुन्हा तेल, पुन्हा लाटी, असे थर गुंडाळून नारळाएवढा गोळा करतात. गोवऱ्यांची धग उतरून निखारा झाला की गोळे त्यात पुरतात. वरचं कवच काळसर कडक होतं, आतले पदर मऊ राहतात. बाहेर काढून फडक्यात धरून राख झटकायची, मुठीनं फोडायचा, वर तूप. सोबत तुरीचं घट्ट वरण आणि वांग्याची तिखटजाळ भाजी. पत्रावळीवर वरणाला आळं करायचं असतं, ते बाजूच्या म्हातारीकडं बघून शिक. या पंगतीचे रोडगे बहुतेक बाप्येच करतात आणि त्या दिवशी बायका निवांत बसून जेवतात, हेही मला त्यात फार आवडतं.

तुझी शाळा सेनगाव तालुक्यात आहे, म्हणजे वर्गात बंजारा तांड्यावरची लेकरं असणारच. इथं जरा नीट ऐक. दिवाळी झाली की तांड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, आपल्या सांगली-कोल्हापूरकडंही येतात. आपल्या शिवारात उसाच्या फडाजवळ ज्या पाचटाच्या कोप्या लहानपणी दिसायच्या, त्यातल्या कैकांची घरं तू आता शिकवणार त्या भागात आहेत. तेव्हा थंडीत तांड्यावर म्हातारी माणसं आणि मागं राहिलेली लेकरं असतात. त्या दिवसांत "जेवायला बोलवा" अशी गंमत कुणाशी करू नकोस. होळीला जमेल ते परत येतात, लेंगी गाणी म्हणत रात्र जागवतात. तेव्हा बोलावणं येईल. १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांची जयंती असते, त्या दिवशी भोग लागतो, गुळाची लापशी असते, ती तुला चालेल. ज्वारीच्या भाकरीला ते बाटी म्हणतात. बकरं कापलं तर सळोई करतात, रक्ताची. ती त्यांच्याकडं मानाची गोष्ट आहे. तू मटण खात नाहीस हे बोलावणं येईल त्याच दिवशी सांग. "याडी, मी मटण खात नाही, बाटी आन् ठेचा दे, पोटभर खाईन," एवढं पुरतं. कुणी रागावत नाही. ताट समोर आल्यावर नाक मुरडलंस तर मात्र ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं, आणि तुझ्यामुळं त्या लेकरालाही घरात खाली बघावं लागतं.

मुसलमानांच्या लग्नात आपल्यासाठी वेगळं ताट आवर्जून ठेवतात. तरी बगारा भात सगळ्यांना सारखाच. त्यात मांस नसतं. तेलात शहाजिरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र, पुदिना आणि भरपूर तळलेला कांदा, त्यावर तांदूळ. सोबत डालचा. तो मात्र विचारून घे, कारण हरभऱ्याच्या डाळीत दुधी आणि चिंचेबरोबर बहुतेक वेळा मटणही असतं. तुझ्यासारखीसाठी साधी खट्टी दाळ निघते. हे हैदराबादी वळण आहे आणि ते इतकं मुरलंय की आमच्या वसमतच्या घरीही पाहुणे आले की सासूबाई "बगारा टाका" असंच म्हणतात. रोज्यांच्या महिन्यात दिवसा कुणाकडं उगाच जाऊन बसू नकोस, संध्याकाळी इफ्तारला बोलावलं तर वेळेआधी पोच, आणि खजूर हातात घेतलास तरी अजान होईपर्यंत थांब. ईदेचा शीरखुर्मा नाही म्हणायचा नाही. दोन घरी झाला असेल तर तिसऱ्या घरी अर्धी वाटी माग.

पावसाळ्यात कळमनुरी आणि औंढ्याच्या माळरानाकडून आंध बाया रानभाज्या घेऊन बाजारात येतात. करटुली, तरोटा, पाथरी, कुंजीर. करटुल्याचा भाव ऐकून घासाघीस करू नकोस. ती वेल काट्याकुट्यातून, ओल्या पायांनी हिंडून शोधावी लागते. भाजी कशी करायची ते विकणारीलाच विचार, तेल किती, शिजवून पाणी टाकायचं की नाही, सगळं ती सांगते. एखादी पुढच्या आठवड्यात "केली का गं?" म्हणून विचारील. तिथून ओळख वाढते, आणि एखाद्या श्रावणात तिच्या घरची अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या तुझ्या पानात येतात.

नर्सीला मात्र पहिल्याच महिन्यात जा. संत नामदेवांचं हे जन्मगाव, कयाधूच्या काठी. आषाढ वद्य एकादशीला परतवारीची मोठी यात्रा भरते. पंढरपूरहून परतलेली माणसं इथं येतात, आणि गावोगावचे लोक रस्त्यावर उभे राहून साबुदाण्याची खिचडी, केळी, चहा हातात देतात. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, म्हणून पंजाबातून शीख भाविक नर्सीला येतात आणि त्यांना भगत नामदेव म्हणून नमस्कार करतात. त्यांचं लंगर तुला सवडीनं बघायचं तर नांदेडला जा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी तिथंच देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबला अहोरात्र माणसं येत असतात. ओढणी डोक्यावरून घे, चपला बाहेर, पाय धू. खाली रांगेत बसायचं, पोळी दोन्ही हात पुढं करून घ्यायची. जेवढं संपेल तेवढंच घे, ताटात टाकायचं नाही. जेवण झाल्यावर जमलं तर थोडा वेळ भांडी घासायला उभी राहा. कुणी सांगणार नाही, पण कुणी अडवणारही नाही.

औंढ्याला महाशिवरात्रीला जाशील तर भगर-आमटी आणि रताळी. शिरड शहापूरच्या जैन मंदिराकडं गेलीस आणि कुणी घरी थांबवलं तर सूर्य मावळायच्या आत जेवायचं, उशीर करून त्यांना अवघडल्यासारखं करू नकोस. हिंगोलीचा दसरा बघच, दीडशे वर्षांहून जुना आहे, प्रदर्शन, पाळणे, भजी-जिलेबी सगळं. आणि अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक. तो गणपती गड्डेपीर गल्लीत बसतो. पिराच्या नावाची गल्ली, तिच्यात चिंतामणी, आणि लांबलांबून आलेल्यांची न संपणारी रांग. नवस फेडायला लोक मोदकांचे ढीग आणतात. रांगेत लागायचं असेल तर पाण्याची बाटली घे आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाक.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तू कुठं जेवतेस याकडं लोकांचं लक्ष असणार. शाळेत, गल्लीत, घरमालकिणीच्या ओट्यावर. "काल तांड्यावर गेला होता म्हणे मॅडम?" "त्यांच्याकडं जेवलात?" असं कुणीतरी विचारणार, आवाज खाली करून. १४ एप्रिलला भीमनगरात आंबेडकर जयंतीचं जेवण असतं, त्या दिवशी तर हमखास. तू आवाज खाली करू नकोस. "हो, जेवले, खीर फार छान होती," असं नेहमीच्या आवाजात सांग आणि कामाला लाग. भांडायला जाऊ नकोस, भाषण देऊ नकोस. पण एकाकडं जायचं आणि दुसऱ्याकडं काहीतरी कारण सांगायचं, असं एकदाही करू नकोस. वर्गातली पोरं आपापल्या आईला घरी जाऊन सगळं सांगतात. बाई कुणाच्या घरचं पाणी प्याल्या आणि कुणाच्या घरचं नाही, हे पहिलीतल्या लेकराला कळतं, आणि ते त्याला कधी विसरता येत नाही. ज्या वस्तीवर तू जेवलीस तिथल्या मुली शाळा सोडायच्या बेतात असल्या तर त्यांची आई तुझ्याकडं आधी येईल. हे मी बघितलंय.

बाईमाणूस म्हणून दोन गोष्टी सांभाळ. अनोळखी ठिकाणी पहिल्या वेळी एकटी जाऊ नकोस, अंगणवाडीताईला किंवा आशाताईला बरोबर घे, त्यांना प्रत्येक घर ठाऊक असतं. रात्रीचं जेवण असेल तर परतीची गाडी आधी ठरव. कुठंही जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस. केळी चालतात, साखर चालते. मिठाईचा भारी पुडा नेलास तर पुढच्या वेळी त्या घराला तुला बोलवायचा धीर होणार नाही.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत एका शनिवारी शाळा सुटली की सरळ वसमतची गाडी धर. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा खरा दिवस बघायचा तर शेतात यायला हवं. काढणी झाली की हळद शिजवायची गडबड असते, वाफेच्या ड्रमभोवती सगळे राबत असतात आणि जेवण बांधावरच होतं, भाकरी, करडईची भाजी, ठेचा. ज्वारी त्या वेळी हुरड्यात असली तर आगटी पेटवूच. ओल्या हळदीचं लिंबू पिळलेलं लोणचं मी घालून ठेवते, बरणी तुला न्यायची आहे. येताना जुनी साडी किंवा ड्रेस घालून ये, डाग जाणार नाही. आणि निघालीस की फोन कर, तुझे भावजी स्टँडवर घ्यायला येतील.