खोक्यावरचा आकडा आणि आतला कॅमेरा

खोक्यावर '४८ मेगापिक्सेल' छापलं होतं, '४के' छापलं होतं, '१६ एक्स झूम' छापलं होतं. साडेसात हजार रुपये मोजून पुण्यातल्या एका दुकानातून मी तो कॅमेरा आणला, आणि त्यातून निघालेल्या फोटोंत माझ्या वडिलांचा चेहरा ओळखू येत नाही. गावात आता बोललं जातं की स्वस्तातलं घ्यायला गेला आणि फसला. तसं झालेलं नाही. मी काउंटरवर उभा राहून खोदून खोदून विचारलं होतं, आणि समोरच्यानं माहीत असताना खोटं सांगितलं. फसणं वेगळं आणि फसवलं जाणं वेगळं, एवढं तरी लोकांनी समजून घ्यावं.

तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर करत, बेलवाडीचं गोल रिंगण मागं टाकून आमच्या निमगाव केतकीत मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरकडं निघते. त्या रात्री आमच्या घरी एक दिंडी उतरते. आत्या, बहिणी, त्यांची पोरंबाळं, पुण्याला नोकरीला असलेले चुलतभाऊ असं सगळं घर त्या एका रात्रीपुरतं पुरं भरतं. तात्यांचे, म्हणजे वडिलांचे, गुडघे गेलेत, त्यांना पालखीतळापर्यंत जाववत नाही, म्हणून दिंडीतले जुने विणेकरी त्यांना भेटायला पडवीत येऊन बसतात. मला त्या भेटीचा फोटो हवा होता. माझ्या जुन्या फोनमधून दिवेलागणीनंतर काही धड येत नाही, आणि पोरांच्या फोनमधले फोटो फोन बदलला की जातात. म्हणून साधा, आईला आणि बायकोलाही वापरता येईल असा घरगुती कॅमेरा घ्यायचा ठरवला.

दुकानात मी काय विचारलं ते लिहूनच ठेवतो. संध्याकाळी, घरातल्या दिव्याच्या उजेडात फोटो येतील का? "एकदम क्लिअर, साहेब." झूम लेन्सचा आहे की नुसता स्क्रीनवर मोठं करून दाखवणारा? त्यानं लेन्सभोवतीचं कडं हातानं फिरवून दाखवलं. "हे काय, रिंग फिरतेय बघा ना." एक फोटो काढून दाखवा म्हटलं, तर तो कॅमेरा घेऊन थेट दुकानाच्या दारात गेला आणि रणरणत्या उन्हात समोरच्या रस्त्याचा फोटो काढला. तेवढ्याशा पडद्यावर तो चांगलाच दिसला. दुकानाच्या आत, ट्यूबखाली का काढला नाही, हे मला आता कळतंय. त्याला ते तेव्हाच कळत होतं.

बिलाचंही तेच. मी पक्कं बिल मागितलं. तो म्हणाला, कॉम्प्युटर बंद आहे, आणि पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर द्यावे लागतील. हातात दिली एस्टिमेटची चिठ्ठी, तिच्यावर 'कॅमेरा १ नग'. पक्कं बिल व्हॉट्सअपवर टाकतो म्हणाला. ते अजून आलेलं नाही.

पालखीच्या रात्रीबद्दल फार लिहीत नाही. फोटो काढले, भरपूर काढले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंधुक वाटले तरी पडदा लहान आहे म्हणून सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात इंदापूरला स्टुडिओत प्रिंट काढायला गेलो. स्टुडिओवाल्यानं कार्ड लावलं, पहिला फोटो मोठ्या पडद्यावर उघडला, आणि सहज विचारलं, "दादा, हे व्हॉट्सअपवरून आलेले आहेत का? मूळ फोटो नाहीत का?" मी म्हटलं, कार्डच तुमच्या हातात आहे, हेच मूळ. तो गप्प झाला. मग त्यानं चेहऱ्यावर मोठं करत नेलं. तात्यांच्या कपाळावरचा बुक्का, भुवया, डोळे सगळं ओल्या भिंतीवरच्या रंगासारखं एकमेकांत उतरलेलं. विणेकरीबुवांच्या विण्याला तारच नाही, नुसता एक करडा पट्टा. त्यानं फाइलची माहिती उघडली. कुठल्याही धड कॅमेऱ्याच्या फोटोत ॲपर्चर किती, शटर किती, लेन्स किती मिलिमीटरची हे आपोआप नोंदलेलं असतं. इथं त्या रकान्यांत काहीच नाही. मग त्यानं कॅमेरा हातात घेऊन ते फिरणारं कडं फिरवलं आणि मला पडद्याकडं बघायला सांगितलं. चित्र तसूभर हललं नाही. ते कडं कशालाच जोडलेलं नव्हतं.

शेवटी त्यानं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे दोन फोटो काढले, एक ४८ मेगापिक्सेलवर ठेवून आणि एक ८ वर. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून सारखे मोठे केले. तिथीची बारीक अक्षरं दोन्हींत तितकीच पुसट. ४८ च्या फाइलमध्ये वाढला होता तो फक्त आकार, तपशील नाही. आतला सेन्सर जेवढं टिपतो त्याच्या मधे मधे कॅमेराच अंदाजानं ठिपके भरतो आणि आकडा फुगवून दाखवतो. माझ्या पायाखालची जमीन सरकली ती तिथं. पैशासाठी नाही. ती रात्र पुन्हा वर्षभर येणार नव्हती, आणि पंच्याऐंशीच्या घरातल्या माणसाच्या बाबतीत वर्ष हा लहान हिशोब नसतो.

तरी एक प्रिंट काढून घरी आणला. तात्यांनी तो चष्म्याजवळ धरला, लांब धरला, आणि विचारलं, "ह्यात मी कुठला रं?"

दुकानदाराकडं परत गेलो तेव्हा तोच माणूस काउंटरवर होता. आधी म्हणाला, मेगापिक्सेल पूर्ण आहेत, फाइल बघा, आठ हजार बाय सहा हजार आहे. मी कडं फिरवून दाखवलं. म्हणाला, डिझाइनच तसं असतं. मग म्हणाला, "साहेब, फोटो काढायचीही सवय लागते." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कॉलेजात असल्यापासून मी रीळवाल्या कॅमेऱ्यानं फोटो काढले आहेत. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये एक वाया गेला तर हळहळ वाटायची असे ते दिवस. घरातल्या दोन्ही बहिणींच्या लग्नांचे माझे फोटो आजही भिंतीवर आहेत. खोटा माल विकायचा आणि वर गिऱ्हाइकाच्या हाताला दोष द्यायचा, ही कसली रीत? शेवटी त्याचा हुकमी एक्का: खोकं फोडलंय, आता परत होणार नाही, आणि बिल कुठंय? ज्यानं बिल दिलं नाही तोच बिल मागत होता.

आता जे मला उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगतो.

मेगापिक्सेलचा आकडा घरगुती फोटोसाठी जवळजवळ बिनकामाचा आहे. चार बाय सहा इंचांचा नेहमीचा प्रिंट उत्तम निघायला साधारण दोन मेगापिक्सेल पुरतात. भिंतीवर लावायच्या आठ बाय बाराला नऊच्या आत भागतं. चांगला फोटो ठरतो तो सेन्सरच्या आकारावर आणि लेन्सवर. नेहमीच्या छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर सहा बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपास असतो. कॅननच्या साध्या डीएसएलआरमधला २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळानं जवळजवळ बारापट. उजेड कमी झाला की हा फरक चेहऱ्यावर दिसतो. आणि आपले घरगुती फोटो उजेडात असतात कुठं? बारसं घरात, डोहाळजेवण घरात, पूजा देवघरात, पालखी येते संध्याकाळी. आमच्या पानमळ्यात तर भर दुपारी शेवरी-पांगाऱ्याची गर्द सावली असते. तिथं पानं खुडणाऱ्या बायकांचा फोटो त्या खोक्यातल्या कॅमेऱ्यानं काढून पाहिला, हिरवा अंधार आला.

मग हा माल एवढा वाढला कसा? नावाजलेल्या कंपन्यांनी स्वस्त छोटे कॅमेरे काढणंच जवळपास सोडलंय. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे आहेत: २०१० मध्ये त्यांचे १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. फोनमधल्या कॅमेऱ्यानं खालचा बाजार खाल्ला. त्या रिकाम्या जागेत बिननावाची, भारी दिसणारी खोकी शिरली आहेत. त्यामुळं नवाकोरा कॅमेरा पाच-सात हजारांत आणि खोक्यावर ४८ असं दिसलं की तिथूनच मागं फिरा. तेवढ्याच पैशात बरा फोन असेल तर तोच वापरा, तो जास्त चांगला फोटो देईल. हे मी कडवटपणे नाही, पडताळून सांगतोय.

दुकानात काय करायचं? दाराकडं जाऊ नका, आत जा, जिथं उजेड सगळ्यात कमी असेल तिथं. आपलं कार्ड बरोबर न्या. बरोबरच्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो फ्लॅश बंद ठेवून काढा आणि पडद्यावर पूर्ण मोठा करून पापण्यांचे केस दिसतात का पाहा. शटरचं बटण अर्धं दाबा. खरा कॅमेरा आधी फोकस करतो, चौकट हिरवी होते, बहुतेक वेळा आवाजही येतो. माझ्या कॅमेऱ्यात फोकस करणारं यंत्रच नव्हतं. झूम करताना लेन्स बाहेर येते का, तिच्या आतल्या काचा हलतात का ते डोळ्यांनी बघा. 'ऑप्टिकल' झूम किती एवढंच विचारा आणि ते खोक्यावर छापलेलं दाखवा म्हणा. 'डिजिटल' झूम म्हणजे नुसतं कापून मोठं करणं. खोक्यात वरून फिरकीनं बसवायची 'वाइड अँगल लेन्स' फुकट देत असतील तर सावध व्हा. ट्यूबखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकत असतील तर मेनूत ६० हर्ट्झच्या जागी ५० करा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तो दोष नव्हे, पण ते कोणी सांगत नाही.

खोकं उलटून वाचा. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असायलाच हवा. माझ्या खोक्यावर आयातदाराच्या जागी नुसतं एक इंग्रजी नाव होतं, पत्ता नाही. कॅमेऱ्यावरचा सिरीयल नंबर वॉरंटी कार्डावर आणि बिलावरही लिहून घ्या.

आणि बिल. कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी २८ होता. पण छापील कमाल किमतीत कर धरलेलाच असतो, त्याच्यावर '१८ टक्के वेगळे' मागणं बेकायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. सदोष माल परत न घेणंही तीच. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. 'खोकं फोडलंय' हे उत्तर सदोष मालाला चालत नाही. पैसे रोख देऊ नका. माझ्याकडं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आहे, दुकानाच्या नावासकट, आणि आज तीच माझ्या बाजूनं उभी आहे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला, आवाज एकदम मऊ. तेवढ्याच किमतीचा दुसरा माल घेऊन जा म्हणाले. मी नाही म्हटलं. त्या दुकानातलं मला काही नको, पैसे हवेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. साडेसात हजारांसाठी कोण एवढं करणार, यावरच त्यांचा धंदा चालतो. मी करणार आहे.

कॅमेरा मग घेतलाच. बारामतीच्या एका फोटोग्राफरनं नवा घेतल्यावर त्याचा जुना कॅनन १३००डी विकायला काढला होता, १८-५५ च्या लेन्ससह. २०१६ सालचं मॉडेल, १८ मेगापिक्सेलच. पुढं जमलं तर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेईन, घरातल्या उजेडाला ती फार उपयोगी पडते. आईला तो जड होतो, हे खरं आहे. जुना घेताना लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, अशी लेन्स घेऊ नका. आमच्यासारख्या बागायती भागात ती लवकर धरते, म्हणून घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का पाहा. शटर किती वेळा उडालंय ते विचारा, बॅटरी फुगलीय का बघा. आणि विकणाऱ्याकडून साध्या कागदावर सिरीयल नंबर, रक्कम, तारीख आणि सही घ्या. बारामतीच्या त्या फोटोग्राफरनं हे सगळं मी न मागता लिहून दिलं. पुण्यातल्या दुकानानं मागूनही दिलं नव्हतं.