यंत्र : करण की कर्ता?

विजेवर चालणारा खल, वटी पाडण्याचे यंत्र, विद्युत्-भट्टी ही साधने आता लहान औषधनिर्माणशाळांतही दिसू लागली आहेत. त्यांच्याविषयी वैद्यवर्गात दोन टोकांची मते आढळतात. ग्रंथोक्त यंत्र सोडले की औषध शास्त्रोक्त राहत नाही, असे एक मत. यंत्र अद्ययावत असले की औषध आपोआप निर्दोष होते, असे दुसरे. ही मते परस्परविरुद्ध भासली तरी दोहोंत यंत्रालाच कर्तेपण दिलेले आहे. म्हणून यंत्रसंकल्पनेचा शास्त्रार्थ प्रस्तुत लेखात पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

शब्दार्थ

'यंत्र' शब्दाच्या मुळाशी आवरणे, नियमन करणे हा अर्थ आहे. अकराव्या शतकातील भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात आपापल्या मार्गाने जाणाऱ्या भूतांना नियमात आणून चालविते ते यंत्र, अशा आशयाचे लक्षण येते. रसशास्त्रात चंचल पारदाला जे बांधून ठेवते ते यंत्र. श्रीयंत्रात बिंदूभोवती नऊ त्रिकोण परस्परांत गुंफलेले असतात. तेथे उपासकाचे भरकटणारे मन नियमित होते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात जयपूर, दिल्ली, उज्जैन, मथुरा व वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या. तेथील सम्राटयंत्र सूर्याची गती सावलीच्या रेषेत पकडून काळ दाखविते. विषय भिन्न असले तरी अर्थ एकच : नियमन. यंत्राची ओळख त्याच्या आकाराने अथवा द्रव्याने ठरत नाही, ते काय नियंत्रित करते यावर ठरते.

दर्शनांतील विचार

व्याकरणात क्रियासिद्धीला जे सर्वाधिक साहाय्यक ते 'करण'. न्यायदर्शनात असाधारण कारणास करण म्हणतात. प्रमाण हे प्रमेचे करण होय. सांख्यांनी तर बुद्धी, अहंकार, मन आणि दहा इंद्रिये अशी तेरा करणे मानिली. म्हणजे आपली बुद्धीसुद्धा साधनच; तिचा उपयोग ज्याच्यासाठी आहे तो पुरुष वेगळा.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दहा परीक्ष्य भाव सांगताना 'कारण' आणि 'करण' यांत स्पष्ट भेद केला आहे. कारण म्हणजे कर्ता. चिकित्सेत तो भिषक्. करण म्हणजे कर्त्याचे उपकरण, ते भेषज. सूत्रस्थानात कुंभाराचा दृष्टांत येतो. माती, दंड, चक्र, सूत्र सर्व सिद्ध असले तरी कुंभारावाचून घट होत नाही. तद्वत् वैद्यावाचून उरलेले तीन पाद कार्य साधू शकत नाहीत. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. औषध बिघडल्यास 'यंत्राने बिघडविले' हे उत्तर आपल्या शास्त्रात बसत नाही. जबाबदारी कर्त्याकडेच राहते.

शल्यतंत्रातील यंत्रे

सुश्रुताचार्यांनी १०१ यंत्रे वर्णिली : स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ व उपयंत्रे २५. या सर्वांत हातालाच त्यांनी प्रधान यंत्र म्हटले, कारण हातावाचून इतर यंत्रे चालतच नाहीत. मात्र हाताला प्राधान्य दिले म्हणून साधनाकडे दुर्लक्ष केले नाही. यंत्राचे बारा दोष त्यांनी सांगितले. फार जाड, हलक्या धातूचे, फार लांब, फार आखूड, न पकडणारे, वेडेवाकडे पकडणारे, वाकलेले, सैल, फार उंचावलेले, खीळ मऊ असलेले, तोंड मऊ असलेले आणि पाश मऊ असलेले. शिवाय कोहळा, दुध्या भोपळा इत्यादींवर कर्माभ्यास केल्यावाचून शिष्य कर्मास योग्य होत नाही, असेही बजावले. निर्दोष साधन व अभ्यस्त हात या दोहोंची अपेक्षा तेथे एकत्रच आहे.

आजच्या औषधनिर्मितीत

रससिंदूराचे उदाहरण घेऊ. वालुकायंत्रातील वाळू काचकुपीला सर्व बाजूंनी हळूहळू उष्णता देते. अग्नी मृदू, मध्य, तीव्र या क्रमाने वाढवितात. विद्युत्-भट्टीत हा क्रम अधिक काटेकोरपणे राखता येतो. नियमन हाच यंत्राचा धर्म असल्याने अशा भट्टीला शास्त्रबाह्य मानण्याचे कारण नाही. तथापि भट्टीवरील आकडा तापमापक ज्या जागी बसविला आहे त्या जागेचे तापमान दाखवितो. कुपीच्या आत काय घडले ते सांगत नाही. गंधकाचा धूर सरला का, ज्वाला थांबली का, तळ उगवत्या सूर्यासारखा लाल दिसतो का, हे वैद्याच्याच नेत्रांनी पाहावे लागते. कुपीचे मुख धुराने बुजू लागल्यास तप्त शलाकेने मोकळे करावे लागते. बूच घाईने लावल्यास कुपी फुटण्याचा धोका, विलंबाने लावल्यास औषध उडून जाण्याचा. हा क्षण ठरविणे करणाचे काम नव्हे.

भस्मांचेही तसेच. यंत्राने मर्दन कितीही सूक्ष्म झाले तरी रेखापूर्ण, वारितर, निश्चंद्र, अपुनर्भव या परीक्षांची सुटका होत नाही. २००० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत आलेल्या अनुसूची 'टी'मध्ये जागा व यंत्रसामग्री यांसोबत जाणकार मनुष्यबळ व नोंदी यांचीही अपेक्षा आहे, हे औषधालयचालकांनी ध्यानी घ्यावे.

आमची सूचना साधी आहे. खंडेनवमीस वा दसऱ्यास आपण खल, कढया व यंत्रे धुऊनपुसून त्यांना गंधफूल वाहतो. त्याच दिवशी सुश्रुतोक्त बारा दोषांची यादी हाती घेऊन प्रत्येक साधन तपासावे, तापमापक व तराजू यांची अचूकता पडताळून घ्यावी आणि सदोष साधन बाजूला काढावे. प्रत्येक पाकाच्या नोंदवहीत यंत्राच्या आकड्याशेजारी प्रत्यक्ष दिसलेली लक्षणेही लिहावीत व पाहणाऱ्या वैद्याने खाली स्वाक्षरी करावी. करणाची पूजा व कर्त्याची जबाबदारी या दोहोंचा मेळ त्यातून साधेल.