घटक ४ : देवाचे असणे – वऱ्हाडातील भक्तिपरंपरा आणि संकटकाळातील विश्वास

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• ‘देवाकडे मागणे’ आणि ‘देवाचे असणे’ या दोन भक्तिभूमिकांतील फरक स्पष्ट करता येईल.
• संत गुलाबराव महाराजांच्या मधुराद्वैत विचाराचे स्वरूप सांगता येईल.
• संकटकाळातील श्रद्धेचे वऱ्हाडात कोणते वेगवेगळे आविष्कार झाले, त्यांची तुलना करता येईल.
• या श्रद्धेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा विचार करून स्वतःचे मत मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण वारकरी आणि महानुभाव या संप्रदायांची तत्त्वे पाहिली. या घटकात एका प्रश्नाचा विचार करायचा आहे. माणसावर संकट कोसळते तेव्हा ‘देव माझा आहे आणि मी देवाचा आहे’ या भावनेचे काय होते? पीक बुडाले, घरातले माणूस गेले, शरीर साथ देईनासे झाले, तर देवाने आपल्याला टाकले असे समजायचे का?

भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. दुःखात देवाला हाक मारणारा तो आर्त. काही मिळावे म्हणून भजणारा तो अर्थार्थी. या दोघांनाही गीता भक्तच मानते, हे लक्षात घ्या. परंतु मागणे पुरे झाले नाही तर त्यांच्या भक्तीचे काय, हा प्रश्न उरतो. नवसाच्या भक्तीत एक अट असते, आणि अट मोडली की संबंधही सैल होतो. नात्याच्या भक्तीत तशी अट नसते. लेकरू आईचे असते ते काही मिळवून दिल्यामुळे नव्हे. ते आधीच तिचे असते. या दुसऱ्या प्रकारच्या भक्तीचा एक ठळक धागा अमरावती-अकोल्याच्या मातीत आढळतो. त्याचाच अभ्यास येथे करू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ नात्याच्या भक्तीची वऱ्हाडी पार्श्वभूमी

विदर्भाची राजकन्या रुक्मिणी ही कथा तुम्हाला परिचित आहे. तिचे माहेर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, अशी परंपरेची धारणा आहे. आणि तिचे हरण अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातून झाले, असे लोक मानतात. इतिहास म्हणून या धारणा सिद्ध करता येत नाहीत. तथापि लोकमनाने या कथेला आपल्या गावांची नावे दिली, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटली पाहिजे. भावाने ठरवलेला विवाह समोर असताना रुक्मिणी कृष्णाला निरोप पाठवते. त्या निरोपामागची भूमिका याचकाची नाही. मी मनाने तुमची झालेच आहे, आता आपल्या माणसाला न्यायला या, असा तिचा भाव आहे. आजही आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते.

तेराव्या शतकात याच जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात, महदाइसेने रुक्मिणीस्वयंवरावर ‘धवळे’ रचले. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा गौरव केला जातो. म्हणजे मराठी स्त्रीच्या काव्याचा आरंभच ‘देवाची होणे’ या विषयाने झाला, असे म्हणता येते.

४.३.२ संत गुलाबराव महाराज : जीवन

गुलाबराव गोंदुजी मोहोड यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे झाला. घराणे शेतकरी; मूळ गाव चांदूर बाजार तालुक्यातील माधान. अवघे नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांच्या आजारात त्यांची दृष्टी कायमची गेली. चौथ्या वर्षी आई अलोकाबाई वारल्या. पुढे विवाह झाला, मुलगा झाला; ते संसारातच राहिले.

त्यांच्या तारुण्यातला काळही कठीण होता. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडाची दैना झाली. कापसाच्या या सुपीक प्रदेशात माणसे आणि जनावरे मोठ्या संख्येने दगावली. म्हणजे वैयक्तिक दुःख आणि सामूहिक आपत्ती या दोहोंची ओळख त्यांना विशीच्या आतच झाली होती.

शाळेत न जाता, इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन आणि ऐकलेले स्मरणात ठेवून त्यांनी वेदान्तापासून आयुर्वेदापर्यंत अनेक शास्त्रांचा अभ्यास केला. म्हणूनच त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात. स्पेन्सर, डार्विन या पाश्चात्त्य विचारवंतांची मतेही त्यांनी तपासली. ‘संप्रदायसुरतरु’, ‘साधुबोध’ यांसह मराठी, संस्कृत आणि हिंदी भाषांत त्यांनी विपुल रचना केली. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते केवळ चौतीस वर्षांचे होते.

परंपरेनुसार १९०१ मध्ये त्यांना ज्ञानेश्वरांचा अनुग्रह झाला. सहाशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरांना त्यांनी पिता आणि गुरू मानले, आणि स्वतःला त्यांची कन्या म्हटले. पित्याने आपल्याला श्रीकृष्णाच्या हाती दिले, या भावनेने ते कपाळी कुंकू लावीत व मंगळसूत्र घालीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातील एका खेड्यात, संसारी पुरुषाने असे राहणे म्हणजे थट्टा ओढवून घेणे होते. भावनेची किंमत त्यांनी रोजच्या जगण्यात मोजली, हे येथे विसरू नये.

४.३.३ मधुराद्वैत

गुलाबराव महाराजांच्या विचाराला ‘मधुराद्वैत’ हे नाव आहे. या शब्दाची फोड करून पाहा. ‘अद्वैत’ म्हणजे जीव आणि ब्रह्म यांत भेद नाही, हा सिद्धान्त. ‘मधुर’ हा शब्द प्रियकर-प्रेयसीच्या भावाने केलेल्या भक्तीचा निर्देश करतो. आता अडचण अशी की प्रेमाला दोघे लागतात, आणि अद्वैतात तर एकच उरतो. मग भक्ती कोणी कोणाची करायची?

या प्रश्नाचे उत्तर ज्ञानेश्वरांच्या परंपरेत आहे. ‘अमृतानुभवा’च्या नवव्या प्रकरणात ज्ञानेश्वरांनी ऐक्यानंतरच्या सहज भक्तीचे वर्णन केले आहे. अज्ञानामुळे वाटणारे द्वैत बंधनकारक असते; परंतु ज्ञान झाल्यावर केवळ प्रेमासाठी जाणूनबुजून स्वीकारलेले द्वैत बंधन ठरत नाही. एक साधा दृष्टान्त घेऊ. आई मुलाबरोबर लपाछपी खेळते. मूल कोठे आहे हे तिला ठाऊक असते, तरी ती शोधल्याचे सोंग करते. ते सोंग खोटे नसते, कारण त्यामागचे वात्सल्य खरे असते. मधुराद्वैतातील ‘मी तुझी’ हे म्हणणे असे आहे. त्यात तुटलेपणाची भीती नाही, कारण मुळात तुटलेपणच नाही.

येथेच या सिद्धान्ताचा आपल्या विषयाशी संबंध येतो. देवाशी असलेले नाते आपल्या पुण्याईने मिळवलेले असेल, तर ते गमावण्याची धास्ती सतत राहील. ते मुळातच असेल, तर संकट हा त्या नात्याचा भंग ठरत नाही.

४.३.४ विश्वास म्हणजे काय?

संतचरित्रे वाचताना तुम्ही तीन थर वेगळे करायला शिकले पाहिजे : नोंदवलेली घटना, संताची स्वतःची भूमिका आणि भक्तांनी घातलेली भर. गुलाबराव महाराजांच्या चरित्रकथांतही चमत्कारांची उणीव नाही. तरीही त्यांची दृष्टी परत आली, असे परंपरा सांगत नाही. ते अखेरपर्यंत अंधच राहिले आणि अल्पवयात गेले. त्यांच्या श्रद्धेला बाह्य जगात कोणताही मोबदला मिळाला नाही. म्हणून या श्रद्धेला ‘सगळे ठीक होईल ही आशा’ म्हणता येत नाही. ठीक झाले नाही तरी आपण परके ठरत नाही, ही ती खात्री आहे.

काही वाचक येथे मानसशास्त्रीय उलगडा करतील. आई लवकर गेली, म्हणून या मुलाने ज्ञानेश्वर ‘माउली’चा आधार शोधला, असे ते म्हणतील. या म्हणण्यात तथ्य असू शकते. पण ते अपुरे आहे. त्या काळात असंख्य मुले पोरकी झाली. त्या दुःखातून एक तत्त्वविचार, एवढी ग्रंथरचना आणि शिष्यांचा परिवार उभा राहणे, याचे स्पष्टीकरण केवळ पोरकेपणातून मिळत नाही. दुःखाने प्रश्न दिला. उत्तर त्यांनी अभ्यासाने घडवले.

४.३.५ गाडगेबाबा : नात्याचा दुसरा आविष्कार

गाडगेबाबा (१८७६-१९५६) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील व्यसनाने लवकर गेले आणि लहानगा डेबू आईबरोबर आजोळी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे वाढला. मामांची जमीन सावकाराच्या व्यवहारात कशी गेली, हे त्याने जवळून पाहिले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. पुढे मुलगा गोविंद याच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हा बाबांचे कीर्तन चालू होते. त्यांनी ते थांबवले नाही, असे चरित्रकार सांगतात.

गुलाबरावांनी देवाशी मधुर नाते जोडले आणि शास्त्राने त्याची मांडणी केली. गाडगेबाबांनी मूर्तीपुढे मागणे मागितले नाही. नवस, पशुबळी आणि कर्ज काढून केलेले सण यांवर त्यांनी कीर्तनांतून प्रहार केले. देव भुकेल्यात, उघड्यात, रोग्यात पाहायचा, ही त्यांची शिकवण. त्यांनी धर्मशाळा, अन्नछत्रे, शाळा आणि वसतिगृहे उभारली. स्वतःचे घर सोडलेल्या माणसाने हजारोंसाठी निवारा बांधला. दुःखाच्या वेळी ‘मी कोणाचा?’ या प्रश्नाला गुलाबरावांचे उत्तर ‘कृष्णाचा’ असे आहे. गाडगेबाबांचे उत्तर ‘ज्याला कोणी नाही त्याचा’ असे आहे. दोन्ही उत्तरांत दुःखी माणूस एकटा राहत नाही. वाटा मात्र भिन्न आहेत.

४.३.६ आक्षेप आणि मर्यादा

‘देवावर विश्वास ठेवा’ हा उपदेश अन्याय सोसायला लावतो, असा आक्षेप घेतला जातो. तो गांभीर्याने घ्यायला हवा. ज्या अंबादेवी मंदिराशी रुक्मिणीची कथा जोडलेली आहे, त्याच मंदिरात अस्पृश्य मानलेल्या भाविकांना प्रवेश नव्हता. त्यासाठी १९२७ मध्ये अमरावतीत सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या पाठीशी होते, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषवले. देवाचे असणे सर्वांना सारखे लागू असेल, तर दार काहींनाच का उघडते, हा प्रश्न त्या चळवळीने विचारला. म्हणजे नात्याची भाषा सोसण्याची भाषा होऊ शकते, तशी हक्काची भाषाही होऊ शकते.

आपल्या काळाकडे पाहू. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे होते. कर्ज, पाऊस, कापसाचा भाव यांतून आलेल्या संकटाला भक्ती हे उत्तर नव्हे. तिथे धोरण, पतपुरवठा आणि सिंचन हवे. ‘श्रद्धा कमी पडली’ असे दुःखिताला सांगणे तर क्रूरपणाच होय. परंतु शेतीचे नुकसान म्हणजे माणूस म्हणून आपली किंमत संपली, असे ज्याला वाटू लागते, त्याच्या मनातील त्या निष्कर्षाला नात्याची भक्ती नकार देते. तिचे कार्यक्षेत्र एवढेच आहे, आणि ते लहान नाही. मात्र ती भावना जिवंत राहण्यासाठी शेजारी कोणीतरी ऐकणारे माणूस असावे लागते. गाडगेबाबांचे कार्य आपल्याला हेच शिकवते.

४.४ सारांश

नवसाची भक्ती फळावर अवलंबून असते. नात्याची भक्ती फळाशिवायही टिकते. रुक्मिणीची कथा आणि महदाइसेचे ‘धवळे’ यांत ‘देवाचे होणे’ हा भाव आढळतो. गुलाबराव महाराजांनी त्याला मधुराद्वैताची तात्त्विक बैठक दिली. त्यांची दृष्टी परत आली नाही, तरी त्यांचा विश्वास ढळला नाही. गाडगेबाबांनी तेच नाते दुःखितांच्या सेवेत शोधले. ही श्रद्धा अन्यायाचे समर्थन करू लागली तर ती स्वतःच्याच तत्त्वाला विसंगत ठरते.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. नवसाची भक्ती आणि नात्याची भक्ती यांतील फरक सोदाहरण सांगा. (सात-आठ ओळी)
२. ‘मधुराद्वैत’ या शब्दातील वरवरचा विरोध कोणता आणि त्याचा परिहार कसा होतो?
३. ‘दुःखाने प्रश्न दिला, उत्तर त्यांनी अभ्यासाने घडवले.’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? कारणे द्या.
४. गुलाबराव महाराज आणि गाडगेबाबा यांच्या भूमिकांची तुलना करा.

उत्तरासाठी सूचना : दुसऱ्या प्रश्नात अज्ञानातले द्वैत आणि प्रेमासाठी स्वीकारलेले द्वैत यांतील भेद आवर्जून मांडा. चौथ्या प्रश्नात कोण श्रेष्ठ, हा निर्णय अपेक्षित नाही. साम्य आणि भेद दोन्ही यावेत.

४.६ उपक्रम

तुमच्या गावातील किंवा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला. कठीण दिवसांत त्यांना कशाचा आधार वाटला – देवाचा, माणसांचा, कामाचा की आणखी कशाचा – हे विचारा. त्यांच्या बोलीतील शब्द बदलू नका. जसे बोलतील तसे लिहून घ्या. त्या कथनात मागणे किती आणि नाते किती, याची पंधरा ओळींत नोंद करा आणि संपर्कसत्रात ती सहाध्यायांपुढे वाचा. सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय नाव लिहू नका. उत्तर देताना ती व्यक्ती थांबली, तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका, थोडे थांबा.