साहेबाचा अहंकार आणि प्रवारणेची रीत

आपल्या समाजातील शिकलेली मुले आज बँक, विमा, महामंडळ, खाजगी कंपनी अशा ठिकाणी नोकरीस लागत आहेत. त्यांना हिशेब येतो, संगणक येतो. पण ‘साहेब’ नावाच्या प्राण्याशी कसे वागावे हे कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसते. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला.

येथे कडक साहेबाविषयी बोलायचे नाही. कडक साहेब कामासाठी रागावतो आणि काम झाले की विसरतो. आमचा रोख आत्मप्रेमी साहेबाकडे आहे. काम झाले यापेक्षा ते आपल्यामुळेच झाले असे सर्वांनी म्हणावे, याची त्याला ओढ अधिक. यश आले की ‘मी’, चूक निघाली की ‘तुम्ही’. प्रश्न विचारणारा त्याला शत्रू वाटतो, मान डोलावणारा हुशार.

गिरणगाव सोलापूरला हा माणूस नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी कापड गिरणीत जॉबर पाहिला. कामावर घेणे, काढणे, बदली कामगाराला पाळी देणे, सारे त्याच्या मर्जीवर. त्यासाठी दस्तुरी द्यायची आणि वर हांजी हांजीही करायची. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात शिफारस केली, की कामगारभरतीचा अधिकार जॉबरकडून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा. जॉबरला नम्रता शिकवा, असे आयोगाने म्हटले नाही. त्याच्या हातातली सत्ता कमी करा, असे म्हटले. हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

अहंकाराची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखविली. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात, न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त त्यांनी भाषण केले. त्यात त्या काळच्या दोन बड्या नेत्यांच्या अहंभावावर त्यांनी कठोर टीका केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. थोरांविषयी आदर बाळगणे वेगळे आणि त्यांची आज्ञा डोळे मिटून पाळणे वेगळे, असा भेद त्यांनी केला. दुसऱ्या प्रकारात माणूस आपली विचारशक्ती व स्वातंत्र्य दोन्ही गमावतो. म्हणजे दोष केवळ देवाचा नव्हे, पुजाऱ्यांचाही.

त्या पुजाऱ्यांत एकेकाळी आम्हीही होतो. एका शाखेत असताना एक तरुण अधिकारी रात्री आठ-आठपर्यंत बसून थकबाकीची पत्रके तयार करी. साहेब ती बैठकीत स्वतःच्या नावावर खपवीत. एकदा आकडा चुकला. तो साहेबांनीच घाईत बदलायला लावला होता, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले होते. तरी सर्वांसमोर त्या मुलाची अब्रू काढली गेली, तेव्हा आम्ही व्हाउचर चाळीत बसलो. आम्ही लेखनिक, पाठीशी संघटना, नोकरी पक्की. बोललो असतो तर फार तर काउंटर बदलला असता. त्याचा गोपनीय अहवाल बिघडला आणि वर्षभरात त्याने नोकरी सोडली. जाताना तो आमच्याही पाया पडला. त्याची लाज अजून गेलेली नाही.

गोपनीय अहवाल हे अशा साहेबाचे मोठे शस्त्र. ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात (नाव ऐकून आपल्या वाचकांनी दचकू नये, हा देवदत्त सज्जन अभियंता होता) १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. ‘चांगला’ असा शेरा त्याला कळविलाच नव्हता. पदोन्नतीला ‘फार चांगला’ लागत असल्याने तो मागे पडला. अहवालातील प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, सरकारी सेवकाला वाजवी मुदतीत कळविला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. कळला तरच त्याविरुद्ध अर्ज करता येतो. म्हणून मुलांनो, तोंडी हुकूम मिळाला तर नम्रपणे लेखी मागा. तारीखवार टिपण ठेवा. आणि अपमान झालेल्या सहकाऱ्याला साक्षीची गरज लागली तर व्हाउचर चाळू नका.

अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी याहून पुढची रीत घातली. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खूने संघापुढे विचारायचे, की माझे काही चुकलेले कोणी पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगावे. हीच प्रवारणा. संयुत्त निकायात आहे, की श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः भगवंतांनीही आपल्या कायिक-वाचिक वर्तनाबद्दल भिक्खूंना असेच विचारले. सर्वांत वरच्याने आधी विचारले, हे महत्त्वाचे.

आमच्या नंतरच्या एका शाखेत एक बाई व्यवस्थापक म्हणून आल्या. महिन्याच्या बैठकीत शेवटी त्या विचारीत, “माझं काय चुकलं?” तीन महिने कोणी तोंड उघडले नाही; सापळा असेल असेच सर्वांना वाटे. चौथ्या महिन्यात शिपाईमामा उठले आणि म्हणाले, “मॅडम, भर गर्दीत मला चहाला पाठवता, तवा पासबुकाची रांग कोण लावणार?” बाईंनी ते वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या स्वतः कप घेऊन टपरीकडे निघाल्या आणि त्या महिन्याच्या बैठकीत आणखी दोघे बोलले.