एकट्या डॉक्टराने भागत नाही

सोलापुरास अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या मागांवर आपल्या खेड्यांतील कित्येक जण राबतात. खोकला जडला म्हणजे ते दवाखान्यातून बाटली आणितात. पण सुताची धूळ छातीत जाते, हे डॉक्टरांस कोणी सांगावे? मजुरी बुडेल म्हणून रोगी दुसऱ्या खेपेस जात नाही, हेही शेजारणीसच ठाऊक असते.

ह्या शेजारणीस वैद्यकाच्या कामात जागा देण्याचे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने मनावर घेतले. त्यांनी १९७० साली जामखेडास कार्य आरंभिले. प्रथम खेड्यांत परिचारिका ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावानेच निवडलेल्या स्त्रिया, पुष्कळ निरक्षर व कित्येक दलित, बाळंतपण, जुलाब, क्षय ह्यांविषयी शिकल्या. त्या घरोघर जात, परिचारिका व समाजसेवक गावी येऊन त्यांस साह्य करीत, आणि अवघड रोगी तेवढा डॉक्टरांकडे जाई. जुलाबाच्या लेकरास मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास आईचे मन वळविणे कोणा पदवीधरास इतके साधेल, असे आम्हांस वाटत नाही.

सरकारने २००५ पासून ‘आशा’ नेमिल्या आहेत. मागावरचा कोणी खोकत असेल, तर आशाताईंस त्याचे काम सांगावे, आणि केसपेपरवर तशी नोंद झाली की नाही हे पाहावे.