ठिपक्यांचा मका आणि देवभात

1. ठिपका म्हणजे रोग नव्हे. मी मात्र खालापूरच्या आमच्या परसातली पांढऱ्या-जांभळ्या ठिपक्यांची कणसं 'बुरशी लागली' म्हणून फेकून दिली होती, तीही वनस्पतिशास्त्राची पदवी खिशात असताना. रंगाच्या जनुकात डीएनएचा एखादा तुकडा घुसला की रंग बंद पडतो. दाणा भरताना कुठल्याशा पेशीतून तो निसटला की तिच्या लेकरांत रंग परततो. लवकर निसटला तर डाग, उशिरा निसटला तर टिकली. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940च्या दशकात हे ठिपके वाचले आणि त्यासाठी 1983 साली, वयाच्या 81व्या वर्षी त्यांना नोबेल मिळालं. मी ते उकिरड्यावर टाकले.

2. मुळापेक्षा नकलाच जास्त होतात. डीएनएचे असे काही तुकडे जागा सोडून उडतात. पण बरेचसे सातबाऱ्यासारखे, मूळ दप्तरात आणि नक्कल भलत्याच गावी. भाताच्या सुमारे 39 कोटी अक्षरांच्या जनुकसंचात तिसऱ्या हिश्शाहून जास्त हाच माल, मक्यात तर 80 टक्क्यांच्या वर. वर्गात मी त्याला खुशाल 'कचरा' म्हणायचो. ऑस्ट्रेलियातल्या एका रानभातात अशा तुकड्यांच्या तीनच घराण्यांनी नकला काढकाढून सगळा संच जवळजवळ दुप्पट करून ठेवलाय.

3. मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढला. त्या सुरकुत्यांमागे स्टार्चच्या जनुकात घुसलेला असाच एक तुकडा आहे, हे 1990 साली छापून आलं. माझ्या फळ्यावर यायला आणखी बारा वर्षं लागली.

4. नवं शिकलेला माणूस सगळीकडे तेच बघतो. भातातला 'एमपिंग' हा जेमतेम 430 अक्षरांचा तुकडा अजूनही उड्या मारतो, काही जपानी वाणांत त्याच्या हजारभर प्रती आहेत, हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं. कर्जतला काकांच्या खाचरात 'कर्जत-3' लोंबीवर आलं होतं. त्यात एक रोप वेगळंच दिसलं: लांब कुसळं, हात लावताच दाणे गळणारे. मी बांधावर बसून काकांना उडणाऱ्या जनुकांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यांनी विडी संपेपर्यंत ऐकलं.

"देवभात हाय त्ये, रानभात. तळ्याकडनं आलंय."

आणि उपटून बैलापुढे टाकलं.